पोटावरचा हात

पोट दुखतंय म्हणून माणूस दवाखान्यात जातो. स्टुलावर बसल्या बसल्या दोन वाक्यांत तक्रार सांगतो, डॉक्टर दोन प्रश्न विचारतात आणि सोनोग्राफीची चिठ्ठी घेऊन तो बाहेर पडतो. भिंतीकडेचं तपासणीचं टेबल, त्यावरचं रेक्झिन, चढायला ठेवलेली पायरी, सगळं जागच्या जागी असतं. फक्त तो त्यावर आडवा झालेला नसतो. यात काही राहून गेलं असं त्यालाही वाटत नाही. पोट दाबून पाहण्यापेक्षा मशीनने पाहिलं म्हणजे नीट पाहिलं, अशी त्याची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे आणि कधी कधी ती जिवावर बेतते. हात मशीनपेक्षा श्रेष्ठ असतो, असं मला म्हणायचं नाही. दोघांची कामं वेगळी आहेत. मशीन आतल्या अवयवांचा आकार दाखवतं. त्या अवयवांच्या दुखण्याला शरीर काय उत्तर देतंय, ते हाताला कळतं. पोटदुखीत पहिला निर्णय असतो तो रुग्णाला घरी पाठवायचं, काही तास नजरेखाली ठेवायचं की आजच्या आज शस्त्रक्रियेला न्यायचं, हा. तो निर्णय आकारापेक्षा या उत्तरावर जास्त अवलंबून असतो.

असं का, हे समजायला पोटाच्या दुखण्याची घडण पाहावी लागते. आतडं कापलं किंवा डागलं तरी दुखत नाही; ते ताणलं, फुगलं, पिळवटलं की मात्र दुखतं. हे दुखणं वाहून नेणाऱ्या नसा फार ढोबळ निरोप देतात. जठराचं दुखणं पोटाच्या वरच्या मध्यभागी, लहान आतड्याचं आणि अपेंडिक्सचं बेंबीभोवती, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचं बेंबीच्या खाली, एवढंच त्यांना सांगता येतं. म्हणूनच नेमकं कुठे दुखतं असं विचारलं की रुग्ण बोट ठेवत नाही, तळहात पोटावरून गोल फिरवतो. पोटाच्या पोकळीला आतून जे पातळ अस्तर असतं, त्याची गोष्ट निराळी. त्याला मिळणाऱ्या नसा आणि पोटाच्या भिंतीवरच्या स्नायूंना व कातडीला मिळणाऱ्या नसा एकच आहेत. त्यामुळे अस्तर सुजलं की दुखणं नेमक्या जागी येतं, रुग्ण एका बोटाने जागा दाखवतो आणि त्या जागेवरचे स्नायू त्याच्या मनाविरुद्ध आखडून बसतात. अपेंडिक्सच्या सुजेत हे दोन्ही टप्पे एकामागून एक दिसतात. आधी बेंबीभोवती मोघम दुखतं, जेवण नकोसं होतं, एखादी उलटी होते. काही तासांनी सूज अपेंडिक्सच्या भिंतीतून बाहेर येऊन अस्तराला भिडते आणि दुखणं उजव्या ओटीपोटात उतरतं. दुखण्याचा हा प्रवास कुठल्याही एका फोटोत सापडत नाही. तो रुग्णाच्या बोलण्यात असतो आणि त्याचा पडताळा हाताने घेता येतो.

पडताळा हात लावण्याच्या आधीच सुरू होतो. मुतखड्याची कळ आलेला माणूस गादीवर लोळतो, उठतो, फेऱ्या मारतो, कुठल्याच कुशीवर त्याला चैन पडत नाही. अस्तर सुजलेला माणूस मात्र गुडघे जवळ घेऊन निश्चल पडलेला असतो, कारण हललं की दुखतं. खोकतानाही तो पोटावर हात दाबून धरतो. दारातून खाटेपर्यंत जाताना डॉक्टरांनी एवढा फरक टिपला तरी अर्धी वाट चालून झालेली असते. मग रुग्णाला उताणं झोपवायचं, डोक्याखाली एक उशी, हात बाजूला, गुडघे थोडे वाकवलेले, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. पोट उघडं हवं, आणि नुसती बेंबी दिसण्यापुरतं नव्हे. वैद्यकाची पाठ्यपुस्तकं छातीपासून मांड्यांपर्यंत पाहायला सांगतात. उजेड चांगला हवा. आधी नुसतं बघायचं. श्वासाबरोबर पोट वर-खाली होतं की छातीच तेवढी हलते? जुन्या शस्त्रक्रियेचा वण आहे का? असेल तर आत आतडी एकमेकांना चिकटून अडकली असण्याची शंका लगेच घ्यावी लागते. बेंबी बाहेर आलीय का, कुशी फुगल्यात का, जांघेत गोळा आहे का? रुग्णाला खोकायला सांगून त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचं. खोकल्याच्या धक्क्याने तो कळवळला आणि हात आपोआप एका जागी गेला, तर बोट न लावताच बरंच कळलेलं असतं.

यानंतर हात. तो गरम हवा. गार हाताने निरोगी पोटही आखडतं. सुरुवात दुखऱ्या जागेपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात करायची आणि दुखरी जागा शेवटी घ्यायची, कारण पहिल्याच स्पर्शात दुखवलं की पुढे सगळंच पोट टणक लागतं आणि तपासणी तिथेच संपते. बोटांची टोकं खुपसायची नाहीत. हात सपाट ठेवून बोटांच्या पेरांनी हलकेच दाबायचं आणि डोळे रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवायचे. दुखतंय का, हा प्रश्न तोंडाने विचारला तर घाबरलेला माणूस प्रत्येक ठिकाणी होच म्हणतो. कपाळावरची आठी इतकं मोघम सांगत नाही. आता खरा प्रश्न येतो: पोट टणक लागतंय ते रुग्णाने आवळलंय म्हणून, की ते आपणहून आवळलं गेलंय? त्याला गप्पांत गुंतवा, तोंड उघडून दीर्घ श्वास घ्यायला सांगा. श्वास सोडताना भीतीने आवळलेलं पोट सैल पडतं. आतल्या सुजेने आखडलेलं पोट सैल पडत नाही. जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला झालेला अल्सर फुटला तर सगळं पोट फळीसारखं घट्ट लागतं. लहान मुलाच्या बाबतीत त्याचाच हात पोटावर ठेवून त्यावर आपला हात ठेवायचा, किंवा पोटाचे आवाज ऐकतोय असं दाखवत स्टेथोस्कोपनेच हळूहळू दाबायचं. स्टेथोस्कोपला मुलं हातापेक्षा कमी बिचकतात.

वैद्यकाची पुस्तकं या खुणांना त्या शोधणाऱ्यांची नावं देतात. अपेंडिक्स हे उजव्या ओटीपोटातल्या जीवघेण्या सुजेचं मूळ असतं, हे बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये ठामपणे मांडलं. तीनच वर्षांनी न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी सांगितलं की कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे सरळ रेघ ओढली, तर त्या टोकापासून दीड ते दोन इंचांवर, एका बोटाने दाबल्यावर सर्वांत जास्त दुखतं. कोपनहेगनच्या रोव्हसिंग यांनी १९०७ मध्ये दाखवलं की डावीकडे दाबलं तरी उजवीकडे दुखतं. त्याच वर्षी ब्लूमबर्ग यांनी हळूहळू दाबून एकदम हात सोडण्याची पद्धत सांगितली. अस्तर सुजलं असेल तर दाबताना दुखतं त्याहून सोडताना जास्त दुखतं. ही शेवटची परीक्षा क्रूर आहे. तीच माहिती पोटावर बोटाने हलकेच ठोकून किंवा खोकायला सांगून मिळते, तेव्हा रुग्णाला ओरडायला लावण्याची गरज नाही. धक्क्याने दुखतं का, एवढाच यातला मुद्दा, आणि तो रिक्षातसुद्धा तपासता येतो. २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला. दवाखान्यात येताना गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा पोटात जास्त दुखलं का, असं अपेंडिक्सचा संशय असलेल्या रुग्णांना त्यात विचारलं होतं. ज्या ३४ जणांना खरोखर अपेंडिक्सची सूज निघाली, त्यातल्या ३३ जणांनी होय म्हटलं. अर्थात सूज नसलेल्यांतल्याही बऱ्याच जणांनी होय म्हटलं होतं, म्हणून हा 'होय' फारसं काही सिद्ध करत नाही. 'नाही' हे उत्तर मात्र पुष्कळ दिलासा देतं. कुठलं उत्तर वजनदार आणि कुठलं हलकं, हे ओळखण्यातच तपासणीची कला आहे.

बोटांनी ठोकून ऐकण्याची, म्हणजे ताडनाची, रीत व्हिएन्नाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छापून मांडली, ती छातीसाठी. ते ग्राझच्या एका खाणावळवाल्याचे पुत्र. पिंप किती भरलंय ते ठोकून पाहताना त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. पोटावर ताडन फार उपयोगी पडतं. हवा भरलेलं आतडं डमडम वाजतं, पाणी आणि यकृत बद्द वाजतं. उताणं झोपल्यावर कुशीत बद्द आणि कुशीवर वळल्यावर तीच जागा डमडम, म्हणजे आत पाणी हलतंय: जलोदर. सुश्रुतसंहितेत जलोदराच्या पोटाची तुलना पाण्याने भरलेल्या पखालीशी केली आहे, तसंच हेलकावणारं आणि तसाच आवाज करणारं. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही आपल्याकडच्या वैद्यांची परीक्षेची त्रयी आउएनब्रुगर यांच्या पुस्तकाच्या कितीतरी आधीची आहे. हाताने काय साधतं याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण पाणथरीचं, म्हणजे प्लीहेचं. निरोगी पाणथरी डाव्या बरगड्यांखाली लपलेली असते, हाताला लागत नाही. ती दुप्पट-तिप्पट वाढली की श्वासाबरोबर खाली येऊन बोटांना टेकते. वारंवारच्या मलेरियाने ती वाढते. १८४० च्या दशकात उत्तर भारतातल्या कालव्यांच्या काठी डेम्पस्टर नावाच्या डॉक्टरांनी गावोगावच्या लोकांची पोटं तपासून कितीजणांची पाणथरी हाताला लागते हे मोजलं आणि त्यावरून कुठे ताप जास्त आहे ते ठरवलं. मलेरियाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तो १८८० मध्ये, आणि रोनाल्ड रॉस यांना तो सिकंदराबादला डासाच्या पोटात सापडला १८९७ मध्ये. कारण माहीत नसतानाही हाताने रोगाचा नकाशा काढला होता. पाणथरी तपासायला हात बेंबीखाली उजवीकडून सुरू करून डाव्या बरगडीकडे न्यावा लागतो. आळसाने थेट बरगडीजवळ हात ठेवला, तर ओटीपोटापर्यंत उतरलेली प्रचंड पाणथरीच हाताखाली येते, तिची कड सापडत नाही आणि ती चुकते. खूण होती, पाहणाऱ्याने सुरुवात चुकीच्या जागी केली.

आता आक्षेपांकडे वळतो. त्यातला सर्वांत गंभीर आक्षेप डॉक्टर स्वतःच घेतात: या खुणा भरवशाच्या नाहीत. त्यात तथ्य आहे. पोटातल्या मुख्य धमनीला फुगा येतो, तो हाताला लागतो का, याचे अभ्यास १९९९ मध्ये एकत्र करून पाहिले गेले. ३ ते ४ सेंटिमीटरच्या फुग्यांपैकी फक्त २९ टक्के हाताला सापडले होते, ५ सेंटिमीटर आणि त्यापुढच्या फुग्यांपैकी ७६ टक्के. म्हणजे मोठ्या, फुटण्याचा धोका असलेल्या फुग्यांतलेही चारातले एक निसटले. पित्ताशयाच्या सुजेसाठी शिकागोच्या जॉन मर्फी यांच्या नावाची खूण आहे: उजव्या बरगड्यांखाली हात ठेवून दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं की सुजलेलं पित्ताशय बोटांवर येऊन टेकतं आणि रुग्णाचा श्वास मध्येच अडकतो. खूण छान आहे, पण एकट्या तिच्यावर निदान करता येत नाही, हेही अभ्यासांनी दाखवलंय. आतड्यांचे आवाज ऐकून निदान करण्यात अनुभवी डॉक्टरांचंही आपसांत एकमत होत नाही. म्हाताऱ्या माणसांचं, मधुमेह्यांचं, स्टेरॉइड घेणाऱ्यांचं पोट आत आग लागली तरी मऊ राहू शकतं. गरोदर बाईचं अपेंडिक्स गर्भाशयाबरोबर वर सरकतं. मोठ्या आतड्यामागे दडलेलं अपेंडिक्स सुजलं तर पुढून दाबून फारसं दुखतच नाही. हे सगळं मान्य करूनच पुढे जायला हवं. जो डॉक्टर 'माझा हात कधी चुकत नाही' म्हणतो, त्याच्या हाताखाली जाऊ नये.

पण एकेकट्या खुणा कमजोर आहेत म्हणून तपासणीच कमजोर, हे अनुमान चुकतं. याचा पुरावा कुठून यावा, तर संगणकाकडून. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात टिमोथी द डोम्बाल आणि सहकाऱ्यांनी पोटदुखीचं निदान करणारा संगणकी कार्यक्रम तयार केला आणि १९७२ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. तीव्र पोटदुखीच्या ३०४ रुग्णांत संगणकाचं निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर निघालं. त्याच रुग्णांत सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचं ७९.६ टक्के. ही गोष्ट यंत्राच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. पण संगणकाला काय भरवलं होतं ते पाहा. सीटी स्कॅन तेव्हा नुकता जन्माला येत होता. संगणकाला दिलेली माहिती होती ती दुखणं कुठे सुरू झालं, कुठे गेलं, कशाने वाढतं, खोकल्याने दुखतं का, दाबल्यावर कुठे दुखतं, पोट टणक आहे का, ही. डॉक्टरांनी हातांनी तपासून, ठरलेल्या फॉर्मवर, एकही रकाना न गाळता लिहिलेली. संगणकाने केलं ते एवढंच, की प्रत्येक खुणेला तिचं वाजवी वजन दिलं आणि सगळ्यांची बेरीज केली. पुढे आठ इस्पितळांत सोळा हजारांहून जास्त रुग्णांवर हीच पद्धत वापरली गेली. १९८६ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात पहिलं निदान बरोबर येण्याचं प्रमाण ४५.६ टक्क्यांवरून ६५.३ टक्क्यांवर गेलं आणि निदान होण्याआधीच अपेंडिक्स फुटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. नंतर असंही दिसलं की संगणक बाजूला ठेवून डॉक्टरांना नुसता तो फॉर्म नीट भरायला लावला तरी निदान सुधारतं. म्हणजे उणीव हातात नव्हती, हात अर्धवट वापरण्यात होती. पोटाची तपासणी म्हणजे एखाद्या जुन्याजाणत्या सर्जनच्या बोटांतली जादू, ही समजूत मला 'मशीनच हवं' या समजुतीइतकीच घातक वाटते. जादू शिकवता येत नाही. क्रमाने करायची गोष्ट शिकवता येते, तपासता येते आणि तालुक्याच्या इस्पितळातल्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरलाही जमते.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळं सीटीच्या आधीच्या काळातलं झालं. आज फोटोच स्पष्ट मिळतो, मग हाताची उठाठेव कशाला? अपेंडिक्सच्या निदानात सीटी हाताच्या फार पुढे आहे आणि त्यामुळे विनाकारण होणाऱ्या शस्त्रक्रिया कमी झाल्या, यात वाद नाही. प्रश्न आहे तो फोटो कुणाचा, कधी आणि कशासाठी काढायचा, याचा. पोटाच्या एका सीटीत साधारण दोन-तीन वर्षांत निसर्गातून मिळतो तेवढा किरणोत्सर्ग एका दमात मिळतो. पोटदुखीच्या प्रत्येक मुलाला तो द्यायचा का? १९८६ मध्ये अल्फ्रेडो अल्वाराडो यांनी अपेंडिक्सच्या संशयासाठी १० गुणांची पद्धत सांगितली, ती जगभर वापरली जाते. त्या १० पैकी ७ गुण प्रश्न विचारून, पोटावर हात ठेवून आणि थर्मामीटर लावून मिळतात, उरलेले ३ रक्ताच्या साध्या तपासणीतून. फार कमी गुण मिळाले तर फोटोची घाई नसते, मधले मिळाले तर फोटो खरोखर कामाचा. सोनोग्राफीचं म्हणाल तर ती स्वतःच हातावर उभी आहे. अपेंडिक्स दिसावं म्हणून मशीनचा प्रोब पोटावर हळूहळू दाबत आतडी बाजूला सारावी लागतात; पित्ताशयाची सूज ठरवताना प्रोबने दाबून नेमकं तिथेच दुखतं का, हे सोनोग्राफी करणारे डॉक्टर आजही पाहतात. मर्फी यांची खूणच ती. पित्ताचे खडे कितीतरी लोकांच्या पोटात असतात आणि बहुतेकांना ते कधीच त्रास देत नाहीत. रिपोर्टमध्ये खडे आले म्हणजे आजचं दुखणं खड्यांचंच, असं होत नाही. दुखणं आणि खडा यांचा संबंध आहे की नाही, हे शेवटी बोट ठेवूनच ठरतं. शिवाय आपल्याकडे गर्भलिंगनिदानाच्या विरोधातल्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी मशीन नोंदणी झालेल्या केंद्रातच ठेवता येतं. कायदा योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की वाडीवस्तीवरच्या माणसासाठी सोनोग्राफी म्हणजे तालुक्याची एसटी. त्या रुग्णाला आज रात्रीच पाठवायचं की उद्या, हे ठरवायला गावातल्या डॉक्टरकडे हातच असतो.

हाताला काहीच सापडलं नाही, हासुद्धा मोठा निष्कर्ष असतो. माणूस वेदनेने तळमळतोय, आणि पोट मात्र लोण्यासारखं मऊ. अशा वेळी वेदना आणि तपासणी यांचा मेळ बसत नाही, हीच खूण. म्हाताऱ्या, हृदयाची लय बिघडलेल्या माणसात याचा अर्थ आतड्याचा रक्तपुरवठा तुटला असा असू शकतो, आणि तिथे तास मोजायचे असतात. हार्ट अटॅकचं दुखणं पोटाच्या वरच्या भागात येतं, फुप्फुसाच्या खालच्या टोकाचा न्यूमोनिया पोटदुखी म्हणून येतो. आणि महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, अंगावर कुठे जखम दिसत नाही, पोट मऊ असतं; थोड्या वेळाने पापण्या जड होऊन मिटायला लागतात. त्याला मण्यार चावलेली असू शकते. मण्यारीचा दंश बहुधा दिसतही नाही आणि दुखतही नाही. अशा वेळी मऊ पोट डॉक्टरला सांगतं, इथे नाही, दुसरीकडे बघ. सोनोग्राफीच्या रांगेत बसवलेला हा रुग्ण तिथेच श्वास थांबून जाऊ शकतो.

लाजेचा मुद्दा टाळून चालणार नाही. आपल्याकडे परकराची नाडी सैल करायला सांगणं बाईलाही अवघड जातं आणि पुरुष डॉक्टरलाही. मग साडीच्या निऱ्यांवरूनच पोट दाबलं जातं. पण जांघेत अडकलेला छोटा अंतर्गळ, ज्यामुळे आतडं बंद पडून उलट्या सुरू झालेल्या असतात, तो नाडीच्या खालीच असतो, आणि म्हाताऱ्या बायकांत तो हमखास चुकतो. ओटीपोटात दुखतं म्हणणारा बारा-तेरा वर्षांचा मुलगा खरी जागा सांगायला लाजतो. वृषणाला पीळ पडला असेल तर सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया झाली नाही की ते वृषण गमावण्याची वेळ येते. यावर उपाय खर्चाचा नाही: पडदा, अंगावर चादर, जवळ नर्स किंवा घरची बाई, आणि एका वेळी लागेल तेवढाच भाग उघडा. लोकांना स्पर्शच नको असतो, हे मला पटत नाही. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घ्यायला आपल्याकडे लोक आपणहून जातात. मेळघाटातून पोट फुगलेल्या तान्ह्या बाळांना तापल्या लोखंडाचे चटके दिल्याच्या बातम्या आजही येतात. दुखऱ्या पोटाला कुणीतरी हात लावावा, ही गरज फार खोल आहे. डॉक्टरने ती पुरवली नाही तर दुसरं कुणीतरी पुरवतं, आणि सुजलेल्या अपेंडिक्सवर चोळणं किंवा एरंडेल देणं धोक्याचं असतं. वेळ नाही, ही सबब तर टिकतच नाही. पोटाची नीट तपासणी चार-पाच मिनिटांत होते. चुकलेल्या निदानाने जाणारे दिवस त्याहून कितीतरी जास्त असतात.

शेवटची गोष्ट वेळेचीच, पण वेगळ्या अर्थाने. लंडनचे सर्जन झॅकरी कोप यांनी १९२१ मध्ये तीव्र पोटदुखीच्या निदानावर लिहिलेलं पुस्तक शंभर वर्षांनंतरही वापरात आहे. एरवी धडधाकट असलेल्या माणसाचं पोट जोरात दुखू लागलं आणि ते सहा तास टिकलं, तर बहुधा आत शस्त्रक्रियेजोगं काही असतं, हा त्यांचा नियम आजही कामाचा आहे. पूर्वी डॉक्टर वेदनाशामक देत नसत, खुणा झाकल्या जातील या भीतीने. ती भीती फोल निघाली. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये १०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत वेदनाशामक दिल्याने निदान बिघडलं नाही, आणि नंतरच्या अभ्यासांनीही तेच सांगितलं. तेव्हा रुग्णाला तळमळत ठेवायचं कारण नाही. मात्र पोट पुन्हा पुन्हा तपासायला हवं, आणि शक्यतो त्याच हाताने. फोटो एका क्षणाचा असतो. चार तासांपूर्वी मऊ असलेलं पोट आता टणक लागतंय, हे त्याच हाताला कळतं. म्हणून पोटदुखी घेऊन दवाखान्यात गेलात तर स्टुलावरून उठून टेबलावर झोपा, कपडे सैल करा, दुखणं आधी कुठे सुरू झालं आणि आता कुठे आहे ते सांगा. पोटाला हात न लावता चिठ्ठी मिळाली तर नम्रपणे म्हणा, डॉक्टर, एकदा तपासून बघता का? आणि त्यांनी चार तासांनी परत या असं सांगितलं, तर मधल्या काळात दुखणं एकदम थांबलं असलं तरी जा. अपेंडिक्स फुटल्यावरही थोडा वेळ बरं वाटतं.